स्पोर्ट्स कार लीजवर घ्यावी की विकत? इंदूरकरांनी करायचा हिशोब

शोरूममध्ये सगळ्यात आधी हप्ता सांगतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. "महिन्याला एवढे" या एका आकड्यात गाडीची किंमत, व्याज, कर आणि चार वर्षांनी ती कितीला जाईल याचा कुणीतरी बांधलेला अंदाज, असं सगळं कालवलेलं असतं. लीज की खरेदी हा वाद शेवटी त्या चौथ्या गोष्टीवर येऊन थांबतो. गाडीचा भाव पडला तर तोटा कुणाच्या खिशातून जाणार? खरेदीत तुमच्या. लीजमध्ये कंपनीच्या, पण हा धोका पत्करायची किंमत ती दरमहा तुमच्याकडूनच काढून घेते. त्यामुळे लीजकडे घसरणीचा विमा म्हणून बघावं, आणि विम्याच्या बाबतीत विचारतो तोच प्रश्न इथेही विचारावा: हप्ता वाजवी आहे का?

खालची सगळी आकडेमोड एकाच काल्पनिक गाडीवर बेतली आहे. पेट्रोल, दीड लिटरहून मोठं इंजिन, एक्स-शोरूम (रोड टॅक्स आणि विमा सोडून) ८० लाख. व्याजदर, विमा आणि पुनर्विक्रीचे आकडे उदाहरणापुरते धरलेत. तुमच्या कोटेशनमधले आकडे त्याजागी टाका.

पायरी १: लीज मिळतं का, ते आधी विचारा

आपल्याकडे हा प्रश्न बऱ्याचदा इथेच निकाली निघतो. लीज कंपन्यांना गाडी परत आल्यावर ती विकायची असते, म्हणून ज्या गाडीला जुन्या बाजारात भरपूर गिऱ्हाईक आहे तीच त्या आनंदाने देतात. जर्मन कंपन्यांच्या वेगवान सेडान, कूपे यांवर काही ना काही योजना मिळते. दोन सीटची, वर्षाला देशभरात मोजकीच विकली जाणारी गाडी असेल तर लीजवाला एक तर नाही म्हणतो, किंवा भाडं इतकं सांगतो की ते नाहीच असतं. शिवाय बऱ्याच लीज कंपन्यांना गिऱ्हाईक म्हणून कंपनी, भागीदारी फर्म किंवा डॉक्टर-सीएसारखा व्यावसायिक हवा असतो. पगारदाराला सहसा त्याच्या कंपनीमार्फतच यावं लागतं.

समोर येणाऱ्या योजना नावाने दहा असल्या तरी प्रकार चारच. पहिला, साधं कर्ज: गाडी तुमच्या नावावर, आरसीवर बँकेचं हायपोथिकेशन, म्हणजे गाडी तारण असल्याची नोंद. दुसरा, हमी बायबॅक: हेही कर्जच, फक्त शेवटी एक मोठी रक्कम बाकी ठेवतात आणि त्या रकमेला गाडी परत घ्यायचं वचन देतात. तिसरा, ऑपरेटिंग लीज: गाडी कंपनीची, तुम्ही भाडं भरता, मुदत संपली की चावी परत. चौथा, फायनान्स लीज: नाव लीजचं, पण शेवटी उरलेल्या किमतीचा धोका तुमच्यावर. चौथ्याला तिसरा समजून सही करणारे थोडे नाहीत. करारात "मुदतीअखेर गाडी ठरलेल्या किमतीहून कमी भावाला विकली गेल्यास फरक भाडेकरू देईल" अशा अर्थाचं वाक्य असेल तर ते ऑपरेटिंग लीज नाही, मग सेल्समन काहीही म्हणो.

आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी म्हणजे सेल्फ-ड्राइव्ह भाड्याची. तो लीजचा प्रकार नव्हे. पण तुम्हाला हवं ते मॉडेल असं भाड्याने मिळत असेल तर निर्णयाआधी दोन दिवस घ्याच. शोरूमची पंधरा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह सुपर कॉरिडॉरवर होते. तुमचं रोजचं येणं-जाणं तिथे होत नाही.

पायरी २: गाडी तुमच्या गल्लीत शिरते का?

हे कागदी हिशोबाच्या आधी, कारण इथे नापास झालेली गाडी वर्षभरात विकायला निघते आणि पहिल्या वर्षाची घसरण सगळ्यात मोठी असते.

स्पीड ब्रेकरचं गणित समजून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो, त्याच्या वळणाची त्रिज्या १७ मीटर. अडीच मीटरच्या आसपास व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) असलेली गाडी त्याच्या बरोबर मधोमध आली की पुढची-मागची चारही चाकं ब्रेकरच्या उतारावरच असतात. म्हणजे चाकांखालच्या रेषेपेक्षा मधला फुगवटा जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. १२ सेंटिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची (जमिनीपासून पोटापर्यंतची उंची) गाडीसुद्धा आरामात निघून जाते. मानक पाळलं तर अडचण नाहीच.

पण कॉलनीतला ब्रेकर? सुदामा नगर असो की लोकमान्य नगर, रहिवाशांनी उरलेल्या सिमेंटमधून टाकलेला ब्रेकर अर्धा मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असू शकतो. तो पूर्णच्या पूर्ण दोन चाकांमध्ये मावतो. मग १५ ची उंची १२ च्या पोटाखालून जाणार कशी? तिरकी घेतली तर एका वेळी एक चाक चढतं म्हणून बाजू थोडी उचलली जाते आणि काही वेळा निभावतं, पण रोज दोन वेळा हे करणं म्हणजे खालचं प्लॅस्टिक कवच आणि पुढच्या बंपरची ओठासारखी कड यांचा हळूहळू खिमा. एक मोजपट्टी घ्या, घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचे ब्रेकर मोजा: उंची आणि रुंदी दोन्ही. मग पार्किंगचा रॅम्प. गाडीला नाक उचलायची सोय असेल तर ती चैन समजू नका, इंदुरात ती गरज आहे. लीजवर असाल तर हेच ओरखडे परतीच्या दिवशी बिलावर येतात, म्हणून ही मोजणी लीजवाल्याने दुप्पट काळजीने करावी.

सर्व्हिस कुठे होणार हेही आत्ताच पाहा. जर्मन तिकडीचं (मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी) काम शहरात होतं. लॅम्बोर्गिनी, फेरारी यांची दालनं महानगरांत आहेत. म्हणजे प्रत्येक मोठ्या कामाला फ्लॅटबेड ट्रक आणि मुंबई-दिल्लीची वारी. हुकाला लावून ओढून नेणारी क्रेन या गाड्यांना चालत नाही.

पायरी ३: ऑन-रोड किंमत स्वतः मांडा

८० लाखांवर मध्य प्रदेशचा आजीवन रोड टॅक्स येतो. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तो १४ टक्के धरा: ११ लाख २० हजार. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर) लागतो, इथे ८० हजार. तो खर्च नाही, आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण गाडी घेताना खिशातून जातो. पहिल्या वर्षाचा विमा अडीच लाख धरू. एकूण साडेचौऱ्याण्णव लाख.

आता आपल्या भागाची खास सोय. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात घेतलेल्या गाडीला रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळत आली आहे, आणि २०२४ पासून उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यातही. आपल्या उदाहरणात ही बचत ५ लाख ६० हजारांची. मर्सिडीज-बीएमडब्ल्यूच्या रांगा मेळ्यात लागतात त्या काही झोके आणि भजी यांसाठी नव्हे. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. सूट दरवर्षी सरकारच्या निर्णयाने मिळते, आपोआप चालू राहत नाही. मेळा सुरू होऊनही अधिसूचना निघायची असते असं होतं, तेव्हा ती हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे भरू नका. दुसरं, नोंदणी तिथल्याच आरटीओत कायमची व्हावी लागते, म्हणजे पाटी एमपी ०७ किंवा एमपी १३ ची येईल, ०९ ची नाही. ज्याला ०९ चाच नंबर हवा त्याने साडेपाच लाखांचा हट्ट म्हणून तो जरूर करावा. तिसरं, बाहेरच्या डीलरला तिथे विक्री करायला तिथल्या आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट लागतं. इंदूरचा डीलर "मेळ्याचा रेट देतो" म्हणाला तर त्याच्याकडे ते आहे का हे विचारा. गाडी लीज कंपनीच्या नावावर चढणार असेल तर सूट तिला लागू होते का हे त्या वर्षीच्या अधिसूचनेत वाचून घ्या आणि कंपनी तिथे नोंदणीला तयार आहे का तेही लेखी घ्या.

पाँडिचेरी किंवा कुठल्या तरी कमी कराच्या राज्यातली पाटी लावून देतो, असं सांगणारेही भेटतील. मोटार वाहन कायद्याचं कलम ४० सांगतं की गाडी ज्या राज्यात राहता किंवा धंदा करता आणि ती सहसा ठेवता तिथेच नोंदवायची. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नवी नोंद हवी. नोंदणी खोट्या पत्त्यावर झाली असेल तर नंतर कर, दंड आणि विम्याचा क्लेम तिन्ही एकदम अंगावर येतात.

पायरी ४: खरेदीचा खरा महिना-खर्च

साडेचौऱ्याण्णवपैकी साडेएकोणीस लाख हातचे, ७५ लाख कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं. हप्ता १ लाख ५५ हजार ७०० च्या आसपास. समजा चार वर्षांनी गाडी काढायची. तोवर हप्त्यांपोटी ७४ लाख ७३ हजार गेले, कर्ज बाकी सुमारे १७ लाख ८० हजार. गाडी एक्स-शोरूमच्या निम्म्या भावाला, ४० लाखांना गेली तर कर्ज फेडून हाती २२ लाख २० हजार.

म्हणजे चार वर्षांचा निव्वळ खर्च, टीसीएस परत आला असं धरून, ७१ लाख २३ हजार. महिन्याला १ लाख ४८ हजार. त्यात घसरण आणि सुरुवातीचे कर-विमा मिळून ५३ लाख ७० हजार, व्याज साडेसतरा लाख. लोक व्याजावर अर्धा टक्का कमी करायला आठवडाभर घासाघीस करतात आणि घसरणीचा विचार पाच मिनिटंही करत नाहीत. मोठा आकडा कुठला हे वर दिसतंच आहे.

यात पुढच्या तीन वर्षांचा विमा (सहा लाख धरू) आणि सर्व्हिस-टायर-ब्रेक (सहा लाख) मिळवले की महिना १ लाख ७३ हजारांवर जातो. हा आकडा लिहून ठेवा, लीजशी तुलना याच्याशी करायची आहे. हप्त्याशी नाही.

आता तोच हिशोब ३५ टक्के भावाने करा. गाडी २८ लाखांना गेली तर बारा लाख जास्त गेले, महिना २५ हजारांनी वाढून १ लाख ९८ हजार होतो. अमुक गाडीला ५० मिळतील की ३५, यावर सगळा निर्णय लटकलेला आहे.

भाव का पडतो? मॉडेल बदलतं, वॉरंटी संपते, ही नेहमीची कारणं. पण अलीकडे सरकारी निर्णयांचा धक्काही मोठा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून ४५ ते ५० टक्क्यांचा भार ४० टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव त्याच रात्री खाली येतो. आदल्या महिन्यात डिलिव्हरी घेतलेल्याला काही इलाज नाही. पूर्ण बनून येणाऱ्या महागड्या गाड्यांवर ११० टक्के आयात शुल्क बसत आलं आहे. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला झालेल्या व्यापार करारात ठरावीक संख्येपुरतं ते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलं आहे. म्हणून आयात गाडी आज विकत घेऊन तीन वर्षांत विकायची असेल तर ही तलवार डोक्यावर आहे असं धरूनच चाला. ३५ चा आकडा अशा गाडीला, ५० चा चेन्नई-पुण्यात जुळवलेल्या आणि खपणाऱ्या गाडीला, असा आमचा ढोबळ नियम.

रोकड देऊन घेणाऱ्यांनी व्याज वाचलं म्हणून खूष होऊ नये. नुसते साडेएकोणीस लाख ७ टक्क्यांच्या ठेवीत चार वर्षं राहिले तर कर कापायच्या आधी सहा लाख मिळवतात. सगळेच पैसे घातले तर मुकलेलं व्याज त्या प्रमाणात.

पायरी ५: लीजचं कोटेशन सोलून बघा

कोटेशनवर फक्त मासिक भाडं असेल तर परत पाठवा आणि चार गोष्टी वेगळ्या मागा: मूळ भाडं, त्यावरचा जीएसटी, मुदतीअखेर धरलेली किंमत, आणि भाड्यात काय काय आलं (रोड टॅक्स, विमा, सर्व्हिस, टायर).

जीएसटीचा मुद्दा इथे कळीचा. लीजच्या भाड्यावर त्या मालाचाच दर लागतो, म्हणजे मोठ्या पेट्रोल गाडीला ४० टक्के. त्यात नवल नाही, खरेदीतही तो लागतोच. फरक असा की लीजच्या भाड्यात दडलेल्या व्याजावरही ४० टक्के चढतात, तर बँकेच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही. आपल्या गाडीची कराविना किंमत सुमारे ५७ लाख. शेवटची किंमत तिच्या ४० टक्के, दर १० टक्के, मुदत ४८ महिने धरली तर भाड्यातला व्याजाचा हिस्सा ३३ हजारांच्या घरात येतो. त्यावरचा जीएसटी तेरा हजार. चार वर्षांत सहा लाखांहून जास्त, आणि कोटेशनमध्ये याची वेगळी ओळ कधी नसते.

पडताळणीचं सोपं सूत्र: किंमत वजा शेवटची किंमत, भागिले महिने, त्यात मिळवा किंमत अधिक शेवटची किंमत यांच्या निम्म्यावरचं एका महिन्याचं व्याज, मग जीएसटी. आपल्या आकड्यांनी हे १ लाख ४६ हजारांच्या आसपास येतं. रोड टॅक्स ४८ महिन्यांवर वाटला तर २३ हजार आणखी, विमा आणि देखभाल मिळून ३० हजार. सर्वसमावेशक भाडं दोन लाखांच्या आसपास दिसलं तर ते चुकीचं नाही. आधीच्या पायरीतला १ लाख ९८ हजारांचा आकडा आठवतो? म्हणजे हे लीज तेव्हाच जवळपास फिटतं जेव्हा भाव ३५ टक्क्यांपर्यंत पडतो. भाव ५० टक्के टिकला तर तुम्ही महिन्याला २५ हजार जास्त मोजलेत.

हमी बायबॅकचं सोलणं वेगळं. ७५ लाखांचं कर्ज चार वर्षांत पूर्ण फेडायचं तर ९ टक्क्यांनी हप्ता १ लाख ८७ हजार. शेवटी ३२ लाख बाकी ठेवले तर १ लाख ३१ हजार. ऐकायला गोड. पण पहिल्यात एकूण व्याज साडेचौदा लाख, दुसऱ्यात वीस लाखांना थोडंसंच कमी, कारण ते ३२ लाख चारही वर्षं व्याज खात बसतात. हा फरक म्हणजे ३२ लाखांच्या हमीची किंमत. बाजारात गाडीला ४० मिळत असतील तर हमी वापरू नका, बाहेर विका, ३२ फेडा, वरचे आठ ठेवा. ही मुभा लीजमध्ये नसते. खपाऊ गाडीला आम्ही म्हणूनच लीजपेक्षा बायबॅकला झुकतं माप देतो.

पायरी ६: करारात कुठे बोट ठेवायचं

किलोमीटर. वर्षाला दहा, पंधरा किंवा वीस हजारांची मर्यादा असते आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरला दर. इंदूर-मुंबई जाऊन-येऊन अकराशे-बाराशे किलोमीटर होतात. महिन्यातून एकदा केलं तरी चौदा हजार तिथेच संपले, शहरातलं वेगळं. मर्यादा वर्षाला मोजतात की एकूण मुदतीला, हे विचारा. एकूण असेल तर एखादं वर्ष सांभाळून घेता येतं.

मुदतपूर्व परतावा. नोकरी गेली, धंदा बसला, गाडी आवडली नाही, काहीही असो. उरलेल्या भाड्याचा मोठा हिस्सा मागणारे करार असतात. पगारदाराच्या कंपनी-लीजमध्ये नोकरी सोडताच हा प्रश्न उभा राहतो. रक्कम सूत्रासकट लेखी हवी.

झीज. "वाजवी झीज" म्हणजे काय याचा फोटोंसकट तक्ता मागा. कड घासलेली अलॉय, विंडस्क्रीनवरचा खडा, सीटच्या बाजूच्या कडेचा चोळवटलेला चामडा ही तीन ठिकाणं हमखास. टायर भाड्यात असतील तर किती जोड आणि कुठल्या मेकचे ते लिहून घ्या. मऊ रबराचा स्पोर्ट्स टायर साध्या गाडीच्या टायरच्या निम्मंही चालेल याची खात्री धरू नये.

बदल. एक्झॉस्ट, रीमॅप (इंजिनच्या संगणकातले बदल), स्प्रिंग उतरवणं, सगळं बंद. लीजच्या गाडीला नुसती रॅप फिल्म लावायची तरी परवानगी घ्या.

दंड आणि अपघात. गाडी कंपनीच्या नावावर म्हणून चालान तिच्याकडे जाईल अशा भ्रमात राहू नका. कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे लीजवरच्या गाडीचा "मालक" म्हणजे ती जिच्या ताब्यात आहे ती व्यक्ती.

पायरी ७: धंद्याच्या नावावर घेणाऱ्यांसाठी

चालकासह तेरा किंवा त्याहून कमी सीटच्या गाडीवरचा जीएसटी इनपुट क्रेडिटमध्ये (धंद्याच्या जीएसटीतून वळता करून) मिळत नाही, खरेदीतही नाही आणि लीजच्या भाड्यावरही नाही. "लीजवर घ्या, जीएसटी सुटेल" हे सांगणाऱ्याला आपल्या सीएसमोर बसवा. आयकरात खरेदीला दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा आणि कर्जाचं व्याज मिळतं, लीजला भाडं खर्च म्हणून. जास्त दराने कर भरणाऱ्या धंद्यात लीजची वजावट लवकर पदरात पडते, एवढाच खरा फायदा. मात्र खाजगी वापराचा हिस्सा दोन्हीकडे कापला जाऊ शकतो, आणि सराफ्यातल्या पेढीला दोन सीटची कन्व्हर्टिबल कशाला लागते, हा प्रश्न अधिकारी विचारणारच.

पायरी ८: विमा

झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्शन आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाची रक्कम), हे तीन या गाडीला ऐच्छिक समजू नका. पावसात तुंबलेल्या पाण्यात हवा आत घेणारं तोंड खाली असलेली गाडी घातली तर पाणी सिलिंडरमध्ये जातं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बंद पडली तर परत स्टार्ट मारू नका; दुसऱ्यांदा मारलेला स्टार्टरच बहुतेक क्लेम बुडवतो. रिटर्न टू इनव्हॉइस का, तर दुसरं वर्ष लागल्यावर विम्यातली किंमत तक्त्याप्रमाणे २० टक्क्यांनी, तिसऱ्यात ३० टक्क्यांनी कमी धरतात आणि कर्ज मात्र तितकं उतरलेलं नसतं.

लीजमध्ये पॉलिसी कंपनीच्या नावावर असली तर नो क्लेम बोनसही तिचाच. चार वर्षं एकही क्लेम केला नाही तरी पुढच्या गाडीला तुम्ही शून्यापासून सुरू करता.

पिथमपूरच्या नॅट्रॅक्सवर ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे, शहरापासून तासाभरावर, आणि गाडी घेताच तो सगळ्यांना आठवतो. ते वाहन उद्योगाचं चाचणी केंद्र आहे, रविवारची हौस फेडायची जागा नव्हे. कुठल्याही ट्रॅकवर गेलात तरी साध्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. लीजचा करारही तिथेच मोडतो.

पायरी ९: मग काय करावं?

पाच वर्षांहून जास्त ठेवणार असाल तर विकत घ्या, आणि जमलं तर मेळ्यात. घसरणीचा मोठा टप्पा पहिल्या तीन-चार वर्षांत संपतो, पुढची वर्षं तुलनेने स्वस्तात चालतात. तीन वर्षांत बदलायची सवय असेल आणि गाडी खपाऊ असेल तर हमी बायबॅक. आयात गाडी, तीच तीन वर्षं, आणि लीज मिळत असेल तर लीज. इथे विम्याचा हप्ता द्यायला हरकत नाही. किलोमीटर जास्त असतील तर लीज विसरा.

आणि हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून सांगतो: तीन वर्षांची जुनी गाडी का नको? पहिल्या मालकाने घसरण सोसलेली असते. डीलरकडून घेतली तर जीएसटी त्याच्या नफ्याच्या हिश्श्यावरच, १८ टक्के. फक्त २०२३ च्या आधीची असेल तर ती ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला चालते का हे मॅन्युअलमध्ये पाहा, आणि दुसऱ्या राज्यातली असेल तर इथला रोड टॅक्स हिशोबात धरा.

पायरी १०: चावी घेताना आणि देताना

पैसे पूर्ण भरायच्या आणि नोंदणीच्या आधी गाडी उजेडात बघा, शोरूमच्या दिव्यांखाली नाही. चासी नंबर कागदाशी जुळवा. टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. ३८२५ म्हणजे २०२५ चा ३८ वा आठवडा. चारही टायर आणि गाडीच्या उत्पादनाचा महिना यांत फार अंतर असेल तर गाडी यार्डात उभी होती. टूल किटमध्ये बंपरला फिरवून बसवायची ओढ-कडी आहे ना, तेही बघा. फ्लॅटबेडवर चढवताना ती लागते आणि नेमकी तेव्हाच सापडत नाही.

कर्ज असेल तर फॉर्म ३४ ने बँकेचं नाव आरसीवर चढतं. शेवटचा हप्ता फिटला की बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते उतरवून घ्या. एनओसी कपाटात ठेवून विसरलात तर तिची मुदत उलटते आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना नव्या एनओसीसाठी बँकेच्या फेऱ्या सुरू होतात.

लीजची गाडी परत करायच्या महिनाभर आधी बाहेरच्या जाणकाराकडून तपासून घ्या. अलॉयची कड बाहेर दुरुस्त करणं कंपनीच्या बिलापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. परतीच्या दिवशी गाडी धुऊन न्या, मळक्या गाडीवर तपासनीस सही देत नाहीत. किलोमीटरचा, चारही बाजूंचा, चारही चाकांचा आणि खालच्या बंपरच्या कडेचा फोटो तारखेसकट काढा, दोन्ही चाव्या आणि सर्व्हिस नोंद द्या, आणि तपासणी अहवालाची सही केलेली प्रत हातात पडल्याशिवाय तिथून हलू नका.